वेगळ्या पातेल्यातला चहा

टेस्टरांनी उभ्या जन्मात कोणावर पटकन विश्वास ठेवला नाही. दूधवाल्याचं माप ते स्वतःच्या भांड्यात ओतून बघत. घड्याळ दुरुस्तीला दिलं तर ते उघडून पुन्हा मिटेपर्यंत दुकानातच स्टुलावर ठाण मांडून बसत. एका डॉक्टरने औषध लिहून दिलं की दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन, पहिल्याने नेमकं काय लिहिलंय, ते विचारून येत. लग्नाच्या वेळी, दाखवली ती हीच मुलगी की हिची बहीण पुढे केलीय, याचीही त्यांनी मावशीकडून खात्री करून घेतली होती, असं त्यांची बायको सांगायची. टेस्टर ते नाकबूल करत नसत. तेव्हा खात्री करून घेतली म्हणून आज सुखात आहोत, असं वर म्हणत.

असा माणूस जिथे जाईल तिथे लोकांच्या डोक्याला ताप व्हायचा. पण नशीब असं की ते लागले चहाच्या कंपनीत, आणि तिथे या स्वभावाचं सोनं झालं. कंपनीत वेगवेगळ्या मळ्यांतून पत्तीच्या पेट्या यायच्या. त्या चाखून पसंत करायच्या, कुठली पत्ती किती मिसळायची ते ठरवायचं, आणि मोठ्या फिरत्या पिंपात मिसळून झाली की पुन्हा चाखून मगच पाकिटात भरायला सोडायची, हे टेस्टरांचं काम. मळेवाले पेटीच्या वरच्या थरात देखणी पत्ती आणि तळाला चुरा भरायचे. टेस्टर पेटी उलटी करायला लावायचे. मालक खूश होते. समोर सगळे 'टेस्टरसाहेब' म्हणत आणि मागे 'फौजदार'. हे नाव टेस्टरांच्या कानावर आलं होतं, आणि ते कोणी पाडलं याचा तपास त्यांनी अजून सोडला नव्हता.

चाखायची खोली वरच्या मजल्यावर होती. तिला थेट ऊन न येणारी मोठी खिडकी होती, कारण उन्हात चहाचा रंग फसवतो. लांब टेबलावर झाकणाचे पांढरे कप ओळीने मांडलेले असत. प्रत्येकात पत्ती तोलून टाकायची, वर उकळतं पाणी ओतायचं, आणि मुरलं की शेजारच्या वाडग्यात गाळून घ्यायचं. मग टेस्टर चमच्याने घोट असा सुर्रकन ओढत की जिन्यातला माणूस दचकावा. घोट तोंडात खेळवायचा, वाफ नाकाच्या मागून वर जाऊ द्यायची, आणि बाजूच्या भांड्यात थुंकून पुढच्या कपाकडे वळायचं. दिवसभर हेच. एवढ्या वर्षांत हंडेच्या हंडे चहा त्यांच्या तोंडातून गेला, पण कंपनीतला एक थेंब पोटात म्हणून गेला नाही.

गिळायचा तो फक्त संध्याकाळचा, बायकोच्या हातचा. तिच्यासारखी बायको मिळाली हे त्यांचं भाग्य, आणि तेवढं मात्र ते तपास न करता मान्य करत. नवऱ्याचं नाक म्हणजे घराची भाकरी, हे ओळखून तिने जन्मात सुगंधी साबण वापरला नाही, केसांना वासाचं तेल लावलं नाही, आणि ते घराबाहेर पडेपर्यंत कधी कांदा चिरला नाही. लग्नानंतरच्या भाड्याच्या खोलीत एकच खुर्ची होती. त्यांनी खुर्चीवर आणि तिने उंबऱ्यावर बसून चहा घ्यायचा, आणि मग तिने खुर्चीवर बसायचं म्हणून दुसरा कप करायचा. पुढे त्यांची आई गेली त्या दिवशी तर घरभर माणसं बोलत होती आणि टेस्टर भिंतीकडे तोंड करून बसले होते. बायकोने शब्दही न बोलता हातात कप दिला. ते तो नुसता धरून बसले. निवला की ती घेऊन जाई, गरम करून आणून देई. असं किती वेळा झालं कोण जाणे, पण शेवटी त्यांनी तो प्यायला आणि मग ते रडले. तेव्हापासून कप हातात आला की ते डोळे मिटून घेत, आणि आई, ती खोली, ती एकुलती खुर्ची, सगळं एकेक करून समोर येई. तेवढा वेळ त्यांना जगातल्या कोणाचाही संशय येत नसे.

गेल्या थंडीत त्यांना मोठा ताप आला. सर्दीने नाक, डोकं, कान सगळं गच्च झालं. बरे होऊन कामावर गेले, आणि तेव्हापासून जगाची नियत फिरली, असं टेस्टरांचं म्हणणं होतं.

पहिलं पाणी मुरत होतं ते घरात. बायको पूर्वी त्यांच्याबरोबर चहा घ्यायची. आता त्यांचा कप आणून द्यायची आणि म्हणायची, "मी घेते नंतर." नंतर का? टेस्टरांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून बघितलं, तर गॅसवर दोन पातेली. एक त्यांचं, एक तिचं. त्यांच्या पातेल्याकडे तिची पाठ होती, पण हात तीन-चारदा कसल्यातरी डब्यांकडे गेला. टेस्टरांनी चहाच्या डब्याला आतून पेन्सिलीची बारीक रेघ मारून ठेवली. पत्ती भराभर खाली जात होती. मिऱ्याची पुडी दिसली, सुंठेची दिसली. मिरी घरात कशाला लागतात एवढी? टेस्टर खोदून खोदून विचारू लागले तसे तिने कानावर हात ठेवले. मग ते चहा पिताना तिच्या तोंडाकडे टक लावून बघू लागले, आणि ती त्यांच्याकडे न बघता कपाकडे बघायची. चहा मात्र वाईट नव्हता. घशाला ऊब द्यायचा. म्हणूनच त्यांना जास्त भीती वाटायची.

दुसरं प्रकरण कंपनीत होतं, आणि ते घरच्यापेक्षा कितीतरी वाईट होतं. मळ्याच्या पेट्यांमधला माल चांगला होता. टेस्टर पत्ती बघत, चोळत, घोट ओढत, आणि तो तो मळा जसा असायला हवा तसाच लागत असे. पण तोच माल पिंपात मिसळून वर आला की मेलेला लागायचा, नुसतं रंगीत गरम पाणी. आता पेटी पास झाली आणि पाकीट भरलं यांच्यामध्ये हात एकाच माणसाचा होता, पिंपाच्या मुकादमाचा. तेव्हा चांगला माल काढून घेऊन गोदामात जुनाट झालेला माल पिंपात ढकलला जातोय, हे टेस्टरांना दिवसासारखं स्वच्छ दिसलं.

मुकादम आणि टेस्टर एकाच वेळी कंपनीत लागलेले. डबा बरोबर खायचे, एकमेकांना अरे-तुरे करायचे. मुकादम बोलायला थोडा, हसायला मोठा, आणि पिंप फिरताना त्याच्या आवाजावरून पत्ती नीट मिसळली का ते सांगणारा. टेस्टरांनी त्याला तोंडावर विचारलं नाही. तोंडावर विचारलं की चोर सावध होतो, हा त्यांचा नियम. ते सरळ मॅनेजरकडे गेले. मॅनेजर म्हणजे मालकांचा पुतण्या, नवा, तरुण, आणि खासगीत कॉफी पिणारा. चहातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण टेस्टरची जीभ म्हणजे कंपनीचा शेवटचा शब्द, हे काकाने त्याला पढवून ठेवलं होतं. त्याने मुकादमाला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. गिऱ्हाइकांची एकही तक्रार आली नव्हती, पण ते कोणाला आठवलं नाही. ज्या माणसाने हातांनी कंपनीचा चहा मिसळला तो आता चोर म्हणून बाहेर पडणार, हे सगळ्यांनी धरून टाकलं. पिंपावरची माणसं त्याच्या घरावरून जाताना पलीकडच्या बाजूने जाऊ लागली.

वाचणाऱ्याला एव्हाना शंका आली असेल. टेस्टरांना आली नाही. साऱ्या जगावर डोळा ठेवणारा माणूस स्वतःकडे बघायचा राहून जातो, तो असा.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी मुकादम घरी आला. न सांगता आला, म्हणजे काहीतरी डाव आहे, असं टेस्टरांनी ओळखलं. तो चार ओळींचं काहीतरी बोलायचं ठरवून आला होता हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण दारात टेस्टरांच्या बायकोला बघून तो आधी वहिनी कशा आहात एवढंच म्हणाला. ती म्हणाली, "बसा भावजी, चहा टाकते." दोन पातेली चढल्याचा आवाज टेस्टरांनी बरोबर टिपला.

चहा आला. कप दोन्ही सारखे होते, पण तिने टेस्टरांचा कप मुद्दाम त्यांच्या खुर्चीच्या बाजूला ठेवला. मग ती बिस्किटं आणायला आत वळली, आणि मुकादम हात धुवायला मोरीवर गेला. टेस्टरांना अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. आपल्या कपात काय घालतात त्याचा आज सोक्षमोक्ष लागेल, आणि काही बरंवाईट असलंच तर चोरालाच होईल, असा दुहेरी हिशोब करून त्यांनी कपांची अदलाबदल केली. हे सांगायला बरं वाटत नाही, पण त्या क्षणी त्यांना स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

मुकादमाने घोट घेतला आणि त्याला ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. कप खाली ठेवून तो खोकतच राहिला.

"वहिनी," तो कसाबसा म्हणाला, "चहा आहे का काढा?"

आत बिस्किटांची बशी ओट्यावर टेकल्याचा आवाज झाला. टेस्टर मात्र आपल्या हातातल्या कपाचा घोट घेऊन विजयाने उठले होते. त्यांना मिळालेल्या कपात चव म्हणून काहीच नव्हती. ते म्हणाले की मला तो काढा आणि पाहुण्याला हे गरम पाणी, हा काय प्रकार आहे ते आज मला कळलंच पाहिजे.

मुकादमाने खोकणं थांबवलं. त्यांच्या हातातून कप घेतला, हुंगला आणि घोटभर प्यायला. मग आणखी एक घोट प्यायला, जरा सावकाश.

"हा आपल्या पिंपातला आहे," तो म्हणाला. "मी घरी बसायच्या आधीचा. आणि झकास झालाय."

मुकादमाने टेस्टरांकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या वहिनींकडे. तिने अगदी जेमतेम, नाही-नाही अशी मान हलवली. मुकादमाने कप अलगद खाली ठेवला. जे बोलायला आला होता ते न बोलताच, उद्या कंपनीत भेटू म्हणून तो पायऱ्या उतरून गेला.

ती मानेची खूण टेस्टरांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. त्यांनी दार लावलं आणि बायकोला उभं केलं. तुझी आणि त्याची काय खलबतं चाललीत, कधीपासून, माझ्या चहात काय पडतं, सगळं सांग. ती नेहमी अशा वेळी भांडी आवरायला लागायची. आज ती खुर्चीत बसली.

"मिरी, सुंठ, आलं, चिमटीभर मीठ आणि तिघांना पुरेल एवढी पत्ती," ती म्हणाली. "तुम्हाला वास येत नाही हो. तापापासून येत नाही."

टेस्टर हसले. मग तिने त्यांना सांगितलं की ते तापातून उठल्यावर एकदा दूध करपलं होतं, घरभर धूर होता, तिने घाबरतच त्या दुधाचा चहा दिला, आणि जो माणूस शेजाऱ्याचं करपलेलं भांडं जिन्यातून ओळखायचा, त्याने तो निमूट पिऊन कप विसळायला ठेवला. त्यानंतर त्यांचा चेहरा चहाच्या वेळी पडलेला दिसू लागला. तिने आलं वाढवलं, तेवढ्यापुरते ते खुलले. मग ते कमी पडायला लागलं आणि तिने सुंठ घातली. तो चहा तिच्याच्याने पिववत नव्हता, म्हणून तिने स्वतःसाठी वेगळं पातेलं ठेवलं.

टेस्टरांनी एकेक शब्द ऐकला आणि एकावरही विश्वास ठेवला नाही. यात मुकादमाचा हात आहे, त्यानेच हिला पढवलंय, हे त्यांचं उत्तर तयार होतं. पण ते आपल्या धंद्यातले पक्के होते. समोरची वस्तू स्वतः पारखल्याशिवाय निकाल देत नसत. त्यांनी डोळ्यांवर पंचा बांधून घेतला आणि तिला सांगितलं की मनाला येईल ते नाकाखाली धर, एक शब्द बोलू नकोस, मी ओळखतो.

तिने काहीतरी धरलं. त्यांनी श्वास ओढला आणि लगेच सांगितलं की लवंग. दुसऱ्यांदा धरलं. ते म्हणाले, कॉफी, जरा जुनी. तिसऱ्यांदा धरलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. ते म्हणाले, वेलची, आणि चांगली हिरवीगार, नुकती फोडलेली. एवढं म्हणून त्यांनी जिंकल्यासारखा पंचा सोडला.

बायकोच्या हातात फिनेलची बाटली होती. ती रडत होती.

पहिल्यांदा चिरलेला कांदा धरला होता, असं तिने सांगितलं. दुसऱ्यांदा धरला तो रिकामा, धुतलेला डबा होता. टेस्टरांनी बाटली तिच्याकडून घेतली, पुन्हा नाकाला लावली, अगदी आत खोल ओढलं. डोळे चुरचुरले. वास म्हणून काही नव्हता.

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत गेली आणि ती थांबवणं त्यांच्या हातात राहिलं नाही. मळ्याची पत्ती ते ओळखत होते ती डोळ्यांनी. तिचा पीळ, तिचा रंग ओळखीचा असायचा, आणि ओळख पटली की जुनी चव जिभेवर आपोआप उभी राहायची, आत्ता वेलची उभी राहिली तशीच. पिंपातला मिसळलेला चहा बघून ओळखता येत नसे. त्यासाठी आठवणीतून काही पुढे येत नव्हतं, आणि म्हणून तो मेलेला लागायचा. चोरी कुठेच झाली नव्हती. लहानपणी गर्दीत आईचा हात सुटला होता तेव्हा वाटली होती तशी भीती त्यांना वाटली.

"तू मला सांगितलं का नाहीस?" त्यांनी विचारलं. या खेपेला ती उलटतपासणी नव्हती.

तिने पदराने डोळे टिपले. "तुम्ही कप घेऊन डोळे मिटून बसायचात," ती म्हणाली. "सासूबाईंचं काहीतरी बोलायचात. त्या खोलीचं बोलायचात. दिवसातून तेवढाच वेळ या घरात सगळं निवांत असायचं. ते मला घालवायचं नव्हतं. नोकरीचं मनात आलं होतं, पण तुम्ही डोळ्यांनी निभावताय असं वाटलं. त्याचं बालंट भावजींवर येईल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आलं तोवर उशीर झाला होता, आणि मला धीर झाला नाही."

टेस्टरांना तिच्यावर रागवायचं होतं, पण राग आला नाही. त्यांनी मुकादमाने एका घोटानंतर टाकलेला तो जहाल चहा उचलला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला. घसा भाजला, छातीत ऊब उतरली. एवढं अजून शिल्लक आहे, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट मनात आली. मुकादमाला कळलंय.

झालं, जुना स्वभाव पुन्हा जागेवर आला. उद्या तो सगळ्यांसमोर सांगणार. का नाही सांगणार? कोणीही सांगेल. मग आपण काय म्हणायचं? सर्दी झालीय म्हणायचं. चोराने चौकशीच्या आदल्या दिवशी घरी येऊन माझ्या बायकोला फितवलं म्हणायचं. लोक आपल्यावर विश्वास ठेवतील, कारण आपण कधी कोणावर ठेवला नाही. असे सगळे डाव मांडून टेस्टर सकाळी कंपनीचा जिना चढले, तेव्हा त्यांना स्वतःचीच किळस येत होती, तरी डाव मनातून जात नव्हते.

चाखायच्या खोलीत मॅनेजरने स्वतः तयारी करून ठेवली होती. टेबलावर तीन वाडगे होते. एकात टेस्टरांनी पास केलेल्या पत्तीचं मिश्रण, मॅनेजरने आपल्या देखरेखीखाली करवून घेतलेलं. दुसऱ्यात मुकादमाच्या पिंपातलं. तिसऱ्यात गोदामातला जुना माल. कोणतं कुठे ते फक्त मॅनेजरला ठाऊक होतं. पिंपातला कोणता ते ओळखा, आणि तो पास केलेल्या मिश्रणासारखा आहे की जुन्या मालासारखा ते सांगा, एवढंच काम होतं. मुकादम टोपी हातात धरून दाराशी उभा होता. कोणी त्याला बसायला सांगितलं नव्हतं.

टेस्टरांनी पहिला घोट ओढला. गरम. दुसरा ओढला. गरम. तिसऱ्यापर्यंत जाताना त्यांनी रंग बघून घेतला. तो काहीच सांगत नव्हता. ते भांड्यात थुंकले आणि त्यांनी मुकादमाकडे बघितलं, कारण तो आता बोलणार, आत्ता बोलणार, असं त्यांना वाटत होतं. मुकादम खिडकीबाहेर बघत होता. का बोलत नाही हा? कसली वाट बघतोय? टेस्टरांनी वाडग्याकडे बोट दाखवून, हा पिंपातला आणि हा जुन्या मालाचा, असं काहीही ठोकून दिलं असतं तरी त्या खोलीत त्यांना अडवणारं कोणी नव्हतं. मुकादम तेवढा होता, आणि चोराचं कोण ऐकतं? त्यांना मुकादमाच्या गप्प बसण्याचा अर्थच लागेना.

"मला यातलं काहीच ओळखू येत नाही," ते म्हणाले.

मॅनेजरचा चेहरा उजळला. त्याला हे प्रकरण मिटायलाच हवं होतं. तो म्हणाला, "म्हणजे तिन्हीत फरक नाही. म्हणजे मुकादमांनी काही केलेलं नाही. तेव्हा कदाचित एखाद-दुसरी पेटी खराब आली असेल. संपलं, टेस्टरसाहेब. मुकादम, तुम्ही उद्यापासून या."

सुटकेचं दार उघडं होतं. नुसती मान डोलावायची होती. मुकादम कामावर परत आला असता, टेस्टर खुर्चीवर राहिले असते, कोणाचंच काही गेलं नसतं. टेस्टरांनी मान डोलावलीसुद्धा होती, अर्धी. पण संशय कसा असतो हे त्या इमारतीत त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मुकादम सुटला असता तो 'या खेपेला सापडला नाही' असा सुटला असता. पिंपावरची माणसं पुढेही पलीकडच्या बाजूनेच चालली असती. टेस्टरांनी स्वतः अशी कितीतरी माणसं जन्मभर मनात तशीच धरून ठेवली होती, काहीही सिद्ध न होता.

"नाही साहेब," ते म्हणाले. "फरक असणार. जुना माल यात आहे, तो कळायलाच हवा. मला कळत नाही. तापानंतर माझी चव गेली, वास गेला. काहीच येत नाही. पिंपातला चहा चांगला होता, आहे, मुकादमाने त्याला बोट लावलेलं नाही. मी त्याला चोर म्हटलं ते खोटं होतं. हे तुम्ही खाली सगळ्यांना गोळा करून सांगा. नाहीतर मी सांगतो."

मॅनेजरने तिन्ही वाडगे बाजूला सारले. मग त्याने सावकाश सांगितलं की काकांशी, म्हणजे मालकांशी, बोलावं लागेल, पण आजपासून टेस्टरांनी वर येऊ नये. ते त्याने चांगल्या शब्दांत सांगितलं. टेस्टरांनी आपला चमचा पुसला आणि टेबलावर ठेवला.

खाली माणसं गोळा झाली, मॅनेजरने सांगायचं ते सांगितलं, आणि माणसं पांगली. टेस्टर आणि मुकादम गोदामाच्या मागे, डबा खायच्या जागी उभे राहिले. टेस्टरांनी माफी मागितली. मुकादमाने ती ऐकून घेतली, पण असू दे म्हणाला नाही. त्याची बायको इतके दिवस शेजारी कोणाच्या दारात उभी राहिली नव्हती, एवढं त्याने सांगितलं. काही दिवस माझ्याशी बोलायला येऊ नकोस, राग गेला की मीच येईन, असंही सांगितलं. टेस्टरांनी मान हलवली. पण एक प्रश्न त्यांना गिळवत नव्हता, आणि तो विचारल्याशिवाय ते तिथून हलूच शकत नव्हते.

"तुला काल संध्याकाळीच कळलं होतं," ते म्हणाले. "मग तू वर का बोलला नाहीस? मी तुला बुडवलं असतं."

"बुडवलं असतंस."

"मग?"

मुकादमाने टोपी डोक्यावर बसवली.

"मी बोललो असतो तर तू काय म्हणाला असतास? मीच तुझ्या चहात काहीतरी कालवलं, असं म्हणाला असतास. मरेपर्यंत म्हणत बसला असतास. खरं सांग, म्हणाला असतास की नाही?"

समोरच्या पत्र्याच्या भिंतीमागे कोणीतरी पिंप सुरू केलं आणि आत पत्ती घरंगळायला लागली.

"म्हणालो असतो," ते म्हणाले.

"मग झालं तर," मुकादम म्हणाला, आणि पिंपाकडे गेला.